आधी माणूस, मग सीट

वाचकहो, मोटारीतल्या चामड्याच्या सीटची निगा हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी मलाही तो पडला असता. परंतु ज्यांच्या घरी ऐंशी-पंच्याऐंशी ओलांडलेले माणूस आहे, ज्याला कधी रुग्णालयात, कधी रक्ततपासणीला, कधी नातलगांकडे गाडीने न्यावे लागते, त्यांना ठाऊक असेल की त्या वयात गाडीची सीट ही केवळ बसण्याची जागा राहत नाही. घर आणि बाहेरचे जग यांमधला तो उंबरठाच असतो. तो ओलांडणे एकदा नकोसे झाले, की माणूस हळूहळू घरातल्या घरात मिटत जातो. माझ्या वडिलांच्या बाबतीत तसे घडू लागले होते आणि त्याला कारण मी होते. म्हणून हे लिहीत आहे.

आप्पांचे वय आज ८९. आयुष्यभर शिक्षकी केली, धोतर आणि कोल्हापुरी चप्पल हा वेश अजून सोडलेला नाही. मी स्वतः बासष्टीची. म्हणजे सांभाळणारीही आता म्हातारपणाच्या दारातच उभी आहे. मुलगा नोकरीनिमित्त परदेशी गेला तेव्हा त्याची गाडी आमच्याकडे राहिली. आत फिकट बदामी रंगाच्या, चामड्याने मढवलेल्या सीट. त्या सीटचे मला फार कौतुक होते, हे प्रथमच कबूल करते.

त्या वर्षी जानेवारीत आम्ही वाईला आत्याकडे जाऊन पुण्याला परतत होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि शिरवळच्या अलीकडे वाहनांची लांबच लांब रांग लागली. आप्पांना प्रोस्टेटचा जुना त्रास, त्यात हृदयासाठी लघवी वाढवणारी गोळी. त्यांनी दोनदा विचारले, "अजून किती वेळ गं?" मी दोन्ही वेळा म्हणाले, "आलंच." तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही. पुढचा सारा रस्ता ते खिडकीबाहेर पाहत गप्प बसले होते.

इमारतीच्या आवारात गाडी थांबली. आप्पा उतरेनात. मी दार उघडले, आणि माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे, "अरे देवा, सीट!" त्यांना हाताला धरून उतरवले, भिंतीशी उभे केले आणि मी वर धावले, कोरडे धोतर आणायला नव्हे, फडके आणि कपडे धुण्याची पावडर आणायला. त्या थंडीत ओल्या धोतराने भिंतीला टेकून आप्पा उभे होते आणि मी पाठमोरी होऊन सीट घासत होते. मागे वळून पाहिले तेव्हा ते तिथे नव्हते. भिंतीचा आधार घेत घेत एकटेच लिफ्टपर्यंत गेले होते.

त्या दिवसानंतर आप्पा गाडीत बसले नाहीत. उघड नकार कधी दिला नाही. कधी गुडघा दुखे, कधी झोप झालेली नसे. "डॉक्टरांना फोनवरच विचार ना," असे म्हणत. माझ्या लक्षात यायला हवे होते ते आणखी एक होते: त्यांनी पाणी पिणे कमी केले होते. तांब्या सकाळी भरला तसाच संध्याकाळी दिसे. फेब्रुवारीअखेर एका रात्री ते असंबद्ध बोलू लागले, मला आईच्या नावाने हाका मारू लागले. घरी आलेल्या डॉक्टरांनी तपासून लघवीच्या संसर्गाची शंका व्यक्त केली आणि तपासणीत ती खरी ठरली. वाचकहो, हे लक्षात ठेवावे: वृद्धांमध्ये असा संसर्ग कित्येकदा तापाआधी गोंधळलेपणाच्या रूपाने समोर येतो. डॉक्टरांनी विचारले, "पाणी किती पितात?" उत्तर आप्पांनीच दिले, बरे झाल्यावर, आणि तेही भिंतीकडे पाहत. "पाणी प्यायलो की भीती वाटते. पुन्हा तुझी सीट खराब व्हायची."

तुझी सीट. हे दोन शब्द मला अजून ऐकू येतात.

इकडे सीटचीही मी दुर्दशाच केली होती. पावडरच्या गरम पाण्याने घासली, वास जाईना म्हणून हाताला लावायचे सॅनिटायझर फवारले, मग गाडी दिवसभर उन्हात उभी केली. आठवड्याभरात तो भाग कडक झाला आणि रंगाचा थर पुसट होऊन पांढुरका डाग उमटला. तेव्हा मला आप्पांच्या चपलांची आठवण झाली. दर पावसाळ्याआधी ते कोल्हापुरी चपलांना तेल चोळून ठेवत आणि त्या वर्षानुवर्षे टिकत. चामडे ते चामडे, असा विचार करून मी वाटीभर खोबरेल सीटवर चोळले. परिणाम असा, की सीट चिकट झाली, धूळ बसून काळवंडली आणि तिच्यावर बसणारा पुढे घसरू लागला.

शेवटी नाना पेठेत गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे गाडी नेली. त्यांनी सीटवरून बोट फिरवले आणि हसून म्हणाले, "ताई, हिला जेवू घातलंत, पण तोंड बंद असलेल्याला घास भरवल्यासारखं झालं." मग बोटाने पाण्याचा एक थेंब सीटवर सोडला. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला. पाणी मुरले आणि जागा गडद झाली, तर चामडे उघडे. थेंब वर राहिला, तर त्यावर लेप आहे, असे ते म्हणाले. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले आणि उघडे असते. ते तेल पिते. मोटारीचे चामडे मात्र बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि त्यावर रंगाचा व पारदर्शक संरक्षक लेपाचा पातळ थर असतो. आपण पुसतो ते खरे तर हा लेप. साबणाची भुकटी, स्पिरिट, सॅनिटायझर, व्हिनेगर, फिनेल हे सारे त्या लेपाचे शत्रू. लेप गेला की खालचे चामडे सुकते, तडकते. त्यांनी आणखी एक सांगितले: बऱ्याच गाड्यांत पाठ आणि बसण्याची जागा तेवढी चामड्याची असते, कडा आणि मागची बाजू रेक्झिनची. म्हणून गाडीबरोबर आलेले माहितीपुस्तक आधी वाचावे.

घरी येताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. डॉक्टरांनी आप्पांच्या कातडीबद्दल मला जे सांगितले होते, ते जवळजवळ हेच होते. म्हातारपणी त्वचेतला स्निग्धांश घटतो, ती कागदासारखी पातळ होते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर वडीचा साधा साबण अल्कधर्मी. तो त्वचेचे कवच धुऊन नेतो. कढत पाणी नको, घासणे नको, टिपून कोरडे करावे आणि मग स्निग्ध मलम लावावे. कमावलेले चामडेही किंचित आम्लधर्मीच असते आणि त्यालाही कढत पाणी, साबण आणि घासणे सोसत नाही. दोन्हींचा मूळ धागा एकच, कोलॅजन नावाचे प्रथिन. भेद इतकाच, आणि तो फार मोठा, की सीट निर्जीव आहे. तिला लाज वाटत नाही. उरलेले खोबरेल मग आप्पांच्या पोटऱ्यांना लावू लागले. तिथे ते चांगले मुरले.

आता मी काय करते, ते क्रमाने सांगते. आपल्यापैकी अनेकांना उपयोगी पडेल.

आठवड्यातून एकदा मऊ ब्रशच्या तोंडाने व्हॅक्यूम फिरवते, विशेषतः शिवणींत आणि पाठ व बैठक यांच्यामधल्या फटीत. तिथे बिस्किटाचा चुरा, गोळ्यांची वेष्टने, वाळूचे कण साचतात. हे कण बसता-उठता चामड्यावर कानशीसारखे घासले जातात. मग किंचित ओलसर, मऊ मायक्रोफायबर फडक्याने पुसून घेते. महिन्यातून एकदा चामड्यासाठी मिळणारे सौम्य क्लीनर वापरते. ते हाताशी नसेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात लहान मुलांच्या सौम्य शाम्पूचे चार-पाच थेंब पुरतात. द्रव नेहमी फडक्यावर घ्यावा, सीटवर कधीही ओतू नये. भोके असलेल्या चामड्यावर तर मुळीच नाही, कारण पाणी आतल्या स्पंजात उतरते आणि तिथेच कुजते. शिवणींसाठी मऊ दात-ब्रश. नंतर साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने साबणाचा अंश काढावा आणि कोरड्या फडक्याने टिपावे. दारे उघडी ठेवून सावलीत वाळू द्यावे. कोणतीही नवी वस्तू आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून, दुसऱ्या दिवशी पाहून मगच वापरावी.

तीन-चार महिन्यांनी चामड्याचे पाण्याधारित संरक्षक क्रीम अगदी पातळ लावते आणि जादाचे पुसून काढते. चकाकी आणणारे सिलिकॉनचे पॉलिश मात्र वृद्ध माणूस बसणार असेल तर टाळावे. सीट जितकी चकचकीत तितकी निसरडी, आणि अशक्त कमरेचा माणूस गाडीला ब्रेक लागताच पट्ट्याखालून पुढे सरकतो. उग्र सुगंधाच्या वस्तूही नकोत. बंद गाडीत त्या वासाने दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते. आपल्या पिढीच्या दोन सवयी सीटला विशेष जाचतात: डोक्याचे तेल आणि कमरेला चोळलेला बाम. डोके टेकण्याच्या जागी धुतलेला सुती रुमाल अडकवावा, आणि बाम लावल्यावर मधे कपड्याचा जाड थर असू द्यावा.

उन्हाळ्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. भर उन्हात उभ्या गाडीतल्या चामड्याचे तापमान ५० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याही वर जाऊ शकते. आपण चटकन उठतो. पण ज्याला मधुमेहाने पायाची संवेदना उणावली आहे, किंवा ज्याला आधाराशिवाय उठताच येत नाही, तो तिथेच बसून राहतो आणि नाजूक कातडी भाजते. म्हणून बसवण्यापूर्वी आपला तळहात सीटवर आणि पट्ट्याच्या धातूवर टेकवून पाहावा. काचेला आतून उन्हाचा पडदा लावावा, सीटवर फिक्या रंगाची सुती चादर टाकावी आणि दारे उघडून वाफ जाऊ द्यावी. आणि औषधे घेऊन "दोन मिनिटांत येते" असे म्हणत वृद्धांना बंद गाडीत कधीही ठेवू नये. काच थोडी उघडी असली तरी आतले तापमान झपाट्याने चढते.

पावसाळ्यात शत्रू वेगळा. ओली छत्री, ओल्या चपला आणि आठवडाभर बंद असलेली गाडी एकत्र आली की चामड्यावर बुरशीचा करडा-पांढरा थर धरतो. तो गाडीत बसून झटकू नये. बीजाणू श्वासात जातात. मोकळ्या हवेत, नाका-तोंडावर मास्क लावून, ओलसर फडक्याने टिपावा, फडके टाकून द्यावे आणि सीट पंख्याखाली पूर्ण वाळवावी. वृद्धांना त्या दिवशी गाडीत बसवू नये.

आणि आता तो प्रसंग, ज्याच्याविषयी आपण सहसा बोलत नाही. लघवी गाडीत झाली तर पहिले काम सीटचे नाही. माणसाला कोरडे करावे, अंगावर शाल द्यावी, "होतं असं" म्हणावे, घरात नेऊन बसवावे. ओली कातडी घासली जाऊन लवकर सोलवटते, म्हणून हे केवळ मन राखण्यापुरते नाही. सीट पाच-दहा मिनिटे थांबते. तिचे काही बिघडत नाही. मग हातमोजे घालून कोरड्या फडक्याने दाबून टिपावे, कडेकडून मध्याकडे, घासू नये. गार पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोन-तीन वेळा पुसावे, नंतर वर सांगितलेले सौम्य मिश्रण, पुन्हा साधे पाणी आणि पंख्याची हवा. हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही टाळावे. ब्लीच तर मुळीच वापरू नये; लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घातक वायू तयार होतो. शिवणीत वास राहिलाच तर एन्झाइमयुक्त क्लीनर मिळतो, तो कोपऱ्यात तपासून वापरावा. स्पंजात मुरले असेल तर कारागिराकडून सीट उघडून घ्यावी.

प्रतिबंध त्याहून सोपा. आम्ही सीटवर पाणी न झिरपणारे अंडरपॅड टाकतो आणि त्यावर आप्पांच्या जुन्या धोतराची चौपदरी घडी. नुसते प्लास्टिक नको. घामाने कातडी भिजते. जाड, मऊ उशीही नको. पट्टा नीट बसत नाही. बाजारात मिळणारी पूर्ण सीट झाकणारी कव्हरे घेताना गाडीच्या सीटच्या कडेला एअरबॅग आहे का, ते पाहावे. तशी कडेची एअरबॅग असेल तर साधे कव्हर तिचा मार्ग अडवू शकते. माणसाला बसवताना पाठमोरे उभे करावे, पिंढऱ्या सीटला टेकल्या की बसवावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवावे. वळणे सुलभ व्हावे म्हणून आम्ही खाली गुळगुळीत पिशवी ठेवतो. पण गाडी निघण्याआधी ती आठवणीने काढतो. लांबच्या प्रवासात दर तासा-दीड तासाने थांबतो आणि मधे आप्पा हातांवर जोर देऊन किंचित उठून बसतात, म्हणजे एकाच जागी दाब पडून कातडी लाल होत नाही. प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना विचारून ठरवले आहे. आपल्या मनाने ती बंद करू नये, आणि पाणी तर नाहीच नाही. लघवीचे झाकणाचे भांडे आणि धोतराचा एक जोड डिकीत नव्हे, हाताशी असतो.

हे सगळे शिकले, तरी आप्पा गाडीत बसायला तयार नव्हते. मे महिन्यात वाईला आत्याचे सहस्रचंद्रदर्शन होते. धाकट्या बहिणीचा तो सोहळा, आणि आप्पा म्हणाले, "तू जाऊन ये." त्या रात्री मी त्यांच्या पलंगापाशी बसले आणि जे जानेवारीतच म्हणायला हवे होते ते म्हणाले. "आप्पा, त्या दिवशी मी तुम्हाला ओल्या धोतराने उभं ठेवलं आणि सीट पुसत बसले. माझं चुकलं." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सीटला तेल लावलंस म्हणे? वेडी की काय!" आणि हसले. चार महिन्यांत प्रथमच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्यांना खाली नेले, गाडीचे दार उघडले आणि खुर्ची टाकून दिली. फडके त्यांनीच मागून घेतले. चपलांची निगा राखणारा तो हात. त्याला सांगावे लागले नाही की किती दाब द्यायचा. गोल गोल न घासता एका दिशेने, हळू, शिवणीच्या कडेकडेने. पांढुरक्या डागापाशी हात थांबला. मी म्हणाले, "तो माझ्यामुळे पडलाय, तुमच्यामुळे नाही. पावडरचा आहे." त्यांनी मान डोलावली आणि फडके पुढे सरकले.

वाईला आम्ही गेलो. जाता-येता सात वेळा थांबलो; एकदा भांडे लागले, आणि ते आप्पांनी स्वतः मागितले. त्या स्वतः मागण्याचे मोल मला ठाऊक आहे. ८१ निरांजनांच्या उजेडात आत्याने थोरल्या भावाला वाकून नमस्कार केला, तेव्हा आप्पांचे डोळे कोरडे नव्हते आणि माझेही.

आजही दर रविवारी दहा मिनिटे सीट पुसण्याचे काम त्यांच्याकडे आहे. हात हलतात, मान वळते, बाहेरची चार माणसे भेटतात, आणि गाडी आपली वाटते. पांढुरका डाग तसाच आहे. मुलगा फोनवर म्हणतो, नवीन आवरण घालून घे. मी घालणार नाही. दार उघडताना माझी नजर आधी कुठे गेली पाहिजे, याची आठवण मला त्या डागाने राहते.

वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी जपलेली वस्तू असेल: सोफा, गालिचा, नवी गादी. तिची निगा अवश्य राखावी. निगा राखणे हा चांगलाच गुण आहे. फक्त काही सांडले, भिजले, डागाळले, तर फडक्याकडे धावण्याआधी एक क्षण थांबून ज्याच्या हातून ते झाले त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. आणि आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा पाण्याचा तांब्या किती रिकामा झाला आहे, तेही एकदा पाहावे.